जिन्याखालचा जुना गेमचा डबा परत चालू करायचाय? असं करा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी काकांच्या बंद झालेल्या व्हिडिओ गेम पार्लरचा एक डबा (म्हणजे नाणं टाकून उभ्याने खेळायचं मशीन) जिन्याखाली वर्षानुवर्षं पडून होता, त्याचं काय केलं ते सांगतो.

आधी प्लग काढा, आणि मागचं झाकण उघडलं तरी पिक्चर ट्यूबला हात लावायचा नाही म्हणजे नाही. चालू असताना तिथे 20,000 व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही चार्ज उरतो, थट्टा नाहीये. जुन्या टीव्ही मेकॅनिककडूनच डिस्चार्ज करून काढून घ्या. त्या जागी 4:3 चा, म्हणजे जवळपास चौकोनी पडद्याचा, जुना एलसीडी मॉनिटर मस्त बसतो.

गेम चालवणारा जुना बोर्ड भंगारात देऊ नका हं, त्याला 56 पिनांचा जामा कनेक्टर (अशा मशीनमधली ठरलेली जोडणी) असेल तर घेणारे शौकीन भेटतात.

मग बोर्डाच्या जागी रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या मेमरी कार्डावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर आणि बटणं त्याला जोडायला यूएसबी एन्कोडर ही छोटी पट्टी. अडॅप्टर 5 व्होल्ट 3 अँपिअरचाच, मोबाइलच्या चार्जरवर भागवू नका. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात, वायरी कॉम (सामायिक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडला जाणारा) ला लावा. मी एनसी (न दाबता जोडलेला) ला लावली, तर फायरचं बटण न दाबताच अखंड दाबलेलं, आणि मी अर्धा तास सॉफ्टवेअरला शिव्या देत बसलो!

रॉम, म्हणजे गेमच्या फाइली, मेमच्या (रेट्रोपायमधला पार्लरचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) व्हर्जनशी जुळणारे लागतात, काही गेम मेमच्या साइटवर कायदेशीर फुकट आहेत, तिथूनच सुरुवात करा.

नाणं टाकायच्या खाचेतला स्विच सिलेक्टला (गेममध्ये नाणं टाकल्याची नोंद करणाऱ्या बटणाला) जोडलाय, त्यामुळे भाचा आता घरभर नाणी शोधत फिरतो.