‘मुघल-ए-आझम’ बघायला बसताय? आधी एवढं करा

सिनेमा 1960 चा, लांबी सव्वातीन तासांच्या वर. जेवून बसलात तर मध्यंतराआधीच मित्र घोरायला लागतो. त्यापेक्षा सातला सुरू करा आणि शेवभाजी-भाकरी मध्यंतरात. पापड नंतर, त्यांच्या कुरकुर आवाजात संवाद बुडतात.

2004 ची रंगवलेली प्रत नको, मूळ कृष्णधवलच घ्या. त्यात ‘प्यार किया तो डरना क्या’ला शीशमहाल एकदम रंगीत होतो, सगळंच रंगीत असेल तर तो धक्का बसतच नाही. टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरू नका, मधुबालाचा चेहरा चपटा होतो. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. उर्दू जड जाते, सबटायटल लावा.

जळगावच्या उन्हाळ्यात खरा शत्रू कूलर. तासभर आधी खोली गार करून घ्या, मग तो कमीवर ठेवा. स्पीकर कूलरपासून लांब, कानाच्या उंचीवर.

‘प्रेम जोगन बन के’ आधी नुसतं ऐका, डोळे मिटून. आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, संगीत नौशादचं, राग सोहनी. सोहनी वरच्या सप्तकात खेळतो. तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज कसा टेकतो ते मित्राला दाखवा. मग पडद्यावर तेच गाणं तानसेनाच्या तोंडी येईल. त्या वेळी बोलायचं नाही, फोनही उलटा.

सिनेमातली अनारकली दंतकथा आहे, पण शहजादा सलीमचं बापाविरुद्ध, अकबराविरुद्ध बंड खरं. ते पेटलं तेव्हा अकबर आपल्याच खानदेशात, असीरगडाच्या वेढ्यात अडकला होता. गड 1601 त पडला. हे मध्यंतरात सांगा, भाकरी मोडता मोडता.