गाडी वॉरंटीच्या कामाला गेली, मधले दिवस कसे काढावेत?

वॉरंटीत दुरुस्ती फुकट होते, पण गाडीवाचून काढायचे दिवस फुकटात निघत नाहीत. टॅक्सीचं भाडं, अर्ध्या दिवसाची रजा, शेजाऱ्यांना केलेली विनंती, हे सगळं आपल्यालाच सोसावं लागतं. त्यातलं बरंचसं टाळता येतं, पण त्याची सुरुवात गाडी सोडायच्या आधी करायला हवी.

१. गाडी आजच सोडायची का, ते आधी विचारा

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. वॉरंटीच्या मोठ्या कामाला साधारण तीन टप्पे असतात: दोष शोधणं, कंपनीकडून क्लेम मंजूर होणं आणि सुटा भाग येणं. प्रत्यक्ष पाना फिरतो तो त्यानंतर, आणि ते काम बऱ्याचदा दिवसाभरात उरकतं. बाकीचे दिवस गाडी नुसती उभी असते. म्हणून सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये आपली तक्रार नोंदवून घेणाऱ्या माणसाला, सरळ विचारा, ‘भाग येईपर्यंत गाडी मी वापरली तर चालेल का?’

दोष पॉवर विंडोचा, एसीचा किंवा म्युझिक सिस्टीमचा असेल तर उत्तर बहुधा होकारार्थी येईल. मात्र ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांत बिघाड असेल, इंजिन तापत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागत असेल, तर कोणी काही म्हणालं तरी गाडी चालवू नका. वापरायची परवानगी मिळाली तर ती जॉबकार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार आणि काम नोंदवतं त्या कागदावर, लिहून घ्या. ‘गाडी चालवत राहिलात म्हणून नुकसान वाढलं’ असा वाद पुढे निघाला, तर तीच ओळ उपयोगी पडते.

२. जॉबकार्डवर घाईत सही करू नका

‘आवाज येतो’ एवढ्या तक्रारीवर मेकॅनिकला काही सापडत नाही. ‘सकाळी गाडी थंड असताना, उजवीकडे वळताना, पुढच्या चाकाकडून खटखट’ असं लिहिलं की शोध लवकर लागतो आणि तुमचे दिवस वाचतात. आवाजाचा व्हिडिओ असेल तर तोही द्या. किलोमीटर, इंधनाची पातळी, आधीचे ओरखडे आणि तारीख कार्डावर आहेत ना ते पाहा. वॉरंटी संपत आली असेल तर तारीख फारच महत्त्वाची, कारण तक्रार मुदतीत नोंदवल्याचा पुरावा तोच.

डिकी रिकामी करा. मुलांचं सीट, चष्मा, औषधं, घराची जादा किल्ली या वस्तू हमखास गाडीत राहतात आणि नेमक्या त्याच दिवशी लागतात.

३. बदली गाडी मागा

वॉरंटी म्हणजे बदली गाडीचा हक्क, असं सरसकट नसतं. वॉरंटी पुस्तिका, वाढीव वॉरंटी, रोडसाइड असिस्टन्स (रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत देणारी योजना) आणि विमा, या चारही ठिकाणच्या अटी वाचा. कधी कधी बदली गाडीची सोय यांपैकी एकात असते आणि आपण दुसऱ्यात शोधत बसतो. विम्यातली सोय अनेकदा फक्त अपघातासाठी असते, हे ध्यानात असू द्या. लेखी अटीत काही नसलं तरी मागायला संकोच करू नका. काम लांबलं तर काही विक्रेते स्वतःहून सोय करतात.

गाडी मिळाली की चारही बाजूंनी फोटो काढा. घरातलं आणखी कोण चालवू शकतं, किलोमीटरची मर्यादा किती आणि नुकसान झालं तर आपल्याला किती भरावं लागेल, हे तिथेच विचारा.

४. गाडीऐवजी गाडी शोधू नका, फेऱ्या मोजा

आठवड्याभराच्या सगळ्या फेऱ्या कागदावर उतरवा. दवाखाना, परीक्षा, कामाची वेळ, म्हणजे जे चुकवता येणार नाही, त्यावर खूण करा. या फेऱ्यांसाठी आधीच नोंदवलेलं वाहन आणि शिवाय एक पर्याय हवाच. घरात वयस्कर माणूस किंवा आजारी कोणी असेल तर रात्रीचाही विचार करून ठेवा. उरलेल्या फेऱ्या एकत्र करा, पुढे ढकला किंवा सामान घरपोच मागवा. तीन किलोमीटरचं अंतर सायकलने ताशी पंधराच्या गतीने बारा मिनिटांत होतं. शहरातल्या गर्दीत गाडीही त्याहून फार आधी पोचत नाही.

सहकाऱ्याबरोबर जाणार असाल तर इंधनाचा वाटा पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्यांच्या वेळेआधी पाच मिनिटं उभे राहा.

भाड्याची गाडी पूर्ण आठवडा घेण्याआधी हिशेब करा. खरी गरज दोनच दिवसांची असेल, तर दोन दिवस भाड्याची आणि बाकी बस-टॅक्सी, हे स्वस्त पडतं.

५. पाठपुरावा

‘झाली का?’ या प्रश्नाला ‘होतेय’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी दोष सापडला का, क्लेम मंजूर झाला का, भाग कुठल्या तारखेला येणार, असे तीन प्रश्न ठरलेल्या दिवशी विचारा आणि उत्तरं ईमेलने परत पाठवून पक्की करा. प्रवासाच्या पावत्या जपा. फारच उशीर झाला तर व्यवस्थापकाकडे भरपाई मागताना तारखा आणि पावत्या समोर ठेवता येतात.

६. गाडी परत घेताना

आवाज थंड इंजिनवर येत होता तर तपासणीही थंड इंजिनवरच व्हायला हवी. त्यासाठी रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी, ॲडव्हायझरला शेजारी बसवून चालवून पाहा. शून्य रकमेचं का होईना, बिल घ्या. त्यावर बदललेल्या भागाचं नाव हवं, आणि त्या भागाला वॉरंटी किती उरली तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ती मूळ वॉरंटीबरोबरच संपते. तोच दोष पुन्हा दिसला तर त्याच दिवशी, जुन्या जॉबकार्डचा क्रमांक देऊन, ‘पुन्हा उद्भवलेली तक्रार’ अशी नोंद करून घ्या.