पिस्टन नवा टाकूनही इंजिन पुन्हा का पकडतं? पॅरामोटरचं टू-स्ट्रोक स्वतः उघडताना या चुका टाळा

पॅरामोटरचं, म्हणजे पाठीवर बांधून पॅराग्लायडरला पुढे ढकलणाऱ्या यंत्राचं, इंजिन सीझ झालं (पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकला) की बहुतेक जण सगळ्यात आधी पिस्टन-रिंगांचा किट मागवतात. किट येतो, एका रविवारी दोघं-तिघं मिळून तो बसवतात, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. मग काही तासांच्या उड्डाणानंतर ते पुन्हा पकडतं, आणि पिस्टन बाहेर काढला तर ओरखडे बरोबर त्याच बाजूला. याचं कारण साधं आहे. पिस्टन हा गुन्हेगार नसतो, तो मयत असतो. त्याला बदलून गुन्हा उलगडत नाही.

पुढचं सगळं मॉस्टर १८५ च्या जातीची इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. वित्तोराझी या इटालियन कंपनीचं हे इंजिन पुण्याजवळच्या कामशेतपासून युरोपपर्यंत सगळीकडे दिसतं: ६६ मिलिमीटर बोअर, ५४ मिलिमीटर स्ट्रोक, १८४.७ सीसी, हवेने थंड होणारं, आतून निकासिल या कठीण लेपाचा थर असलेलं सिलिंडर आणि पातळ पडद्यावर (डायफ्रामवर) चालणारा वॉल्ब्रोचा कार्ब्युरेटर. पोलिनी, सिमोनिनी किंवा टॉप ८० असेल तर आकडे बदलतील, चुका त्याच राहतील. टॉर्क (नट किती जोराने आवळायचे), रिंग गॅप (रिंगेच्या दोन टोकांतली फट), कार्ब्युरेटरचे स्क्रू किती फेरे उघडायचे, हे आकडे मात्र आपापल्या मॅन्युअलमधूनच घ्या. मित्राच्या इंजिनाचे आकडे मित्राच्या इंजिनासाठी.

उघडण्याची घाई

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सिलिंडर उचललं की खालचं गॅस्केट फाटतं, आणि हवा कुठून आत शिरत होती याचा पुरावा त्याबरोबरच जातो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हासुद्धा पंपच असतो. क्रँकचं ऑइल सील, रीड ब्लॉकचं (इनटेकच्या एकतर्फी झडपेचं) गॅस्केट, सिलिंडरचा तळ किंवा क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरपर्यंत नेणारी पल्स नळी, यांतल्या कुठूनही बाहेरची हवा शिरली की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन मिश्रणाने तापमान चढतं, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइलही कमी पोचतं. दोन्ही बाजूंनी मार.

म्हणून सिलिंडरचा एकही नट सैल करण्याआधी प्रेशर टेस्ट करा. एक्झॉस्टचं तोंड आणि इनटेक रबराचा तुकडा व पट्टी लावून बंद करायचं, पल्स नळीचं छिद्र बंद करायचं, आणि एका ठिकाणाहून हवा भरायची. यासाठी खास पंप मिळतो, पण जुन्या डायलवाल्या बीपी मशीनचा फुगा आणि मीटर उत्तम चालतो. मीटरवरचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. कॉम्प्रेसर लावू नका, सील बाहेर फेकली जातील. काटा काही मिनिटं जागेवर राहिला पाहिजे. पडत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, बुडबुडे जागा दाखवतील. फ्लायव्हीलच्या मागचं सील दिसत नाही, तिथे कान लावा किंवा फ्लायव्हील काढून पाहा. जमल्यास उलटी चाचणीही करा, म्हणजे हवा ओढून. काही सील आतून दाब आला की घट्ट बसतात आणि आतून ओढलं की ओठ उघडतात. नुसत्या दाबाच्या चाचणीत ती सुटून जातात.

हवा शिरत असल्याची खूण उडतानाच मिळालेली असते. थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं. अशा वेळी अनेक जण कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा उघडून मिश्रण रिच करतात, म्हणजे पेट्रोल वाढवतात, आणि ‘जमलं’ म्हणतात. ते जमलेलं नसतं. सील आणखी थोडं झिजेल आणि तो फरक पिस्टन भरून देईल.

पिस्टन बघा, मगच फेका

काढलेला पिस्टन पुसून काढायच्या आधी उजेडात धरा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर लीन मिश्रण किंवा जास्त तापणं. इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) घासून मंद, राखाडी झाला असेल तर धूळ आत जात होती. एअर फिल्टर आणि त्याची रबरी कॉलर बघा. कामशेतच्या आसपास उन्हाळ्यात टेक-ऑफच्या मैदानावर जी बारीक माती उडते ती फिल्टरची फट शोधून काढतेच. चारही कोपऱ्यांवर पट्टे असतील तर इंजिन गरम व्हायच्या आधीच पूर्ण थ्रॉटल दिला गेला: पिस्टन फुगला, सिलिंडर अजून थंड होतं. सगळीकडून कोरडा आणि घासलेला असेल तर ऑइल विसरलं, किंवा पुरेसं नव्हतं. माथ्याच्या कडेला बारीक खड्डे पडून धातू खाल्लेला दिसला तर ते डिटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट न जळता स्फोटासारखं फुटणं: कमी ऑक्टेन, जास्त कॉम्प्रेशन, चुकीचा प्लग किंवा पुन्हा लीन मिश्रण.

प्लगबद्दल एकच गोष्ट. एनजीके प्लगवरचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. ‘हा नंबर नाही, पण एक कमीचा आहे’ असं दुकानदार म्हणाला की पैसे परत खिशात घाला.

पेट्रोल: इथे जरा थांबू

पहिला गैरसमज ऑइलचा. ‘गरम होतंय ना, मग ऑइल वाढव’ हा सल्ला सर्रास दिला जातो. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिश्रण उलट किंचित लीनच होतं. दोन टक्के म्हणजे लिटरला २० मिली, अडीच टक्के म्हणजे २५. मॅन्युअल जे सांगतं ते मापाने घाला, बाटलीच्या झाकणाने नाही. ऑइल जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचं जपानी मानक) दर्जाचं घ्या. बोटीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, आपल्यासाठी नाही.

दुसरा मुद्दा इथेनॉलचा, आणि आपल्याकडे तो टाळता येत नाही. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. ई२० ला साधारण १३.५. त्यामुळे जुन्या पेट्रोलवर बसवलेलं सेटिंग ई२० वर आपोआप लीन होतं. कुणी काही छेडलं नाही, तरीही. इंजिन परदेशातून सेट होऊन आलं असेल किंवा काही वर्षांपूर्वी सेट केलं असेल, तर नवं पेट्रोल भरून सेटिंग पुन्हा तपासणं भाग आहे.

शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं पाणी ओढलं की ते आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला ऑइलविना पाणी आणि इथेनॉल पाजलं जातं. मागच्या महिन्याचं मिश्रण कॅनमध्ये उरलं असेल तर ते इंजिनात घालू नका. पारदर्शक बाटलीत थोडं काढून रात्रभर ठेवा, तळाशी वेगळा थर दिसला तर शंकाच उरत नाही. थर दिसला नाही तरीही मी ते वापरणार नाही.

तिसरं, हवा. मे महिन्याच्या दुपारी बरोबर बसवलेलं सेटिंग डिसेंबरच्या पहाटे लीन असतं, कारण थंड हवा दाट असते. पुण्याजवळ, ५५०-६०० मीटर उंचीवर सेट केलेलं इंजिन कोकणातल्या किनाऱ्यावर नेलं तरी तेच. वरून खाली आणि उन्हातून थंडीत जाताना सेटिंग तपासा. उलट दिशेने गेलात तर इंजिन थोडं गुदमरेल, पण पकडणार नाही.

लेथवाल्याकडे नेण्याआधी

आरएक्स १०० च्या जमान्यातले टू-स्ट्रोक मिस्त्री अजून आहेत, आणि त्यांच्या हाताला तोड नाही. पण त्या सिलिंडरला बिडाचा स्लीव्ह असायचा. बोअर करा, होन करा (दगडाने आतून घासा), ओव्हरसाइझ पिस्टन टाका, चालू. निकासिलचा थर ॲल्युमिनियमवर असतो, अतिशय कठीण आणि अतिशय पातळ. त्यावर बोअरिंग होत नाही. सिलिंडर ‘साफ करायला’ दिलं आणि दगडाने होन होऊन परत आलं, तर ते गेलं समजा.

बऱ्याचदा जे ओरखडे वाटतात ते थरावर चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. हायड्रोक्लोरिक ॲसिडने ते विरघळतं. कापसाच्या काडीने फक्त चिकटलेल्या जागी थेंबाथेंबाने लावायचं, पोर्टच्या कडांना आणि उघड्या ॲल्युमिनियमला लागू द्यायचं नाही, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, आणि हे सगळं उघड्यावर, हातमोजे-गॉगल घालून. नंतर नख फिरवा. नख अडकलं किंवा खालचा ॲल्युमिनियम दिसला तर सिलिंडर नवं घ्या किंवा पुन्हा प्लेटिंग करून घ्या.

क्रँकच्या बाबतीत मी स्पष्टच सांगतो: कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग बदलायचं असेल तर घरी करू नका. क्रँक प्रेसमध्ये जोडलेला असतो आणि डायल गेजवर सरळ करावा लागतो. मुख्य बेअरिंग मात्र घरी बदलता येतात. केस ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर तापवा, बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवा, हातोडी न लावता ते जागेवर बसतं. पुण्याच्या नाना पेठेत बेअरिंग घेताना नुसता नंबर देऊ नका, मागचं सी३ किंवा सी४ सुद्धा बघा. आतल्या मोकळीकीचा तो आकडा आहे. साधं बेअरिंग गरम झाल्यावर आवळतं.

जोडताना

सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणारी तारेची कडी) कधीही पुन्हा वापरायची नाही. नवी बसवताना तिचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा आणि पिस्टनवरच्या खाचेसमोर येऊ देऊ नका. सर्क्लिप बसवताना क्रँककेसचं तोंड चिंधीने बंद करा, नाहीतर ती उडून नेमकी आतच जाते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंगेची टोकं खाचेतल्या पिनेवर. रिंग पिस्टनवर चढवण्याआधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने गॅप मोजा.

फ्लायव्हील पुलरनेच काढा. परत बसवताना शाफ्टचा आणि फ्लायव्हीलचा टेपर (निमुळता भाग) थिनरने पुसून कोरडा करा. फ्लायव्हीलला पकडतो तो टेपर. चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा धातूचा छोटा तुकडा, फक्त टायमिंगची जागा दाखवते. ग्रीस लावून बसवलं की एखाद्या दिवशी चावी कापली जाते, आणि मग ‘स्पार्क येतोय पण सुरू होत नाही’ म्हणून कार्ब्युरेटर उघडला जातो.

एक्झॉस्टच्या नटांवर साधा निळा थ्रेडलॉकर उपयोगाचा नाही, उष्णतेने तो सुटतो. तिथे लॉकनट आणि सेफ्टी वायर. स्प्रिंगांना उष्णता सहन करणारा सिलिकॉन चोपडा म्हणजे कंपनं मरतात, आणि प्रत्येक स्प्रिंगेतून तार ओवून ठेवा. मागे प्रॉपेलर फिरतोय. सुटलेली स्प्रिंग जमिनीवर पडत नाही, त्याच्यात जाते.

कार्ब्युरेटर उघडताना प्रत्येक थराचा फोटो घ्या. दोन्ही बाजूंना गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम सारखाच असतो असं नाही, आणि तो उलटला की दिवसभर दोर ओढत बसाल. भोकांत तार घालू नका. डायफ्राम बसलेला असताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. डायफ्राम कडक झाला असेल, हलवला की कुरकुरत असेल, तर बदला. इथेनॉलने तो लवकर कडक होतो.

पहिल्यांदा सुरू करताना

या खेळातल्या भयानक जखमा बऱ्याचदा जमिनीवर होतात. सेटिंगसाठी एक जण फ्रेम हाताने धरतो, दुसरा थ्रॉटल देतो, फ्रेम पुढे झेपावते आणि हात जाळीतून प्रॉपेलरमध्ये जातो. जाळी फक्त पॅराग्लायडरच्या दोऱ्या थोपवते, पूर्ण जोराने येणारा हात नाही. एकतर मशीन पाठीवर घाला, नाहीतर फ्रेम खांबाला दोन पट्ट्यांनी बांधा. प्रॉपेलर काढून चालवणं हा उपाय नाही, भाराशिवाय इंजिन भलत्याच आरपीएमला जातं. दोर ओढण्याआधी किल स्विच बघा. बहुतेक इंजिनांत तो तार अर्थला (इंजिनाच्या धातूला) जोडून स्पार्क मारतो, म्हणजे तार तुटली तर इंजिन बंदच होणार नाही. तशी वेळ आली तर चोक ओढून किंवा हवेचं तोंड दाबून बंद करायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

पहिली उड्डाणं उतरायला मोकळी शेतं असतील अशा ठिकाणी. पवना धरणाच्या पाण्यावर मुळीच नाही. इंजिन बंद पडल्याने पॅराग्लायडर पडत नाही, पण पंचवीस-तीस किलोचं यंत्र पाठीला बांधून पाण्यात उतरणं ही वेगळीच गोष्ट आहे.

पावसाळा

जून ते सप्टेंबर इंजिन पडून राहतं, आणि ऑक्टोबरमधल्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा, प्लगच्या भोकातून थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालून दोर हळू ओढा, इनटेक आणि एक्झॉस्ट चिंधीने बंद करून बाहेर लाल फडकं लटकू द्या. मधे एकदा-दोनदा दोर ओढा म्हणजे बेअरिंग एकाच जागी गंजणार नाहीत. लाकडी प्रॉपेलर पावसात फुगतो आणि हिवाळ्यात आकसतो, तेव्हा बोल्ट सैल पडतात. हंगामाच्या सुरुवातीला आणि पुन्हा काही उड्डाणांनंतर टॉर्क पाना लावा.

आणि टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक छिद्र फुंकून बघा. कुंभारमाशी तिथे मातीचं घर करते. छिद्र बुजलं की इंजिन जमिनीवर छान चालतं, आणि हवेत गेल्यावर काही वेळाने टाकीत पोकळी होऊन पेट्रोल येणं मंदावतं. मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं, पकडतं. उतरल्यावर झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर कारण मिळालं. तो आवाज कुणी ऐकत नाही, झाकण उघडेपर्यंत किट मागवून झालेला असतो.