व्हेर्तोववर लिहिताय? या चुका टाळा

सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हेर्तोववरचे बरेचसे निबंध एकाच ठिकाणी घसरतात. शैली त्याची, विचार सरकारचा, अशी वाटणी करून मोकळे होतात. मग कॅमेऱ्याच्या करामती तेवढ्या उचलायच्या आणि बाकीचं ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारायचं.

१९२४ च्या ‘किनो-आय’ या त्याच्या चित्रपटातला बैल बघा. बाजारात मांस घ्यायला गेलेली बाई अचानक उलट्या पावलांनी चालत सहकारी दुकानाशी येते. पुढे सगळंच उलटं फिरतं. मांस खाटीकखान्यात परततं, आतडी पोटात शिरतात, कातडं अंगावर चढतं आणि बैल उठून चक्क कळपात जातो. सांगायचं एवढंच, की खासगी व्यापाऱ्याच्या नादी लागू नका, सहकारी दुकानातून घ्या. यात शैली कुठे संपली आणि धोरण कुठे सुरू झालं, दाखवा पाहू! (सहकाराचा प्रचार आपल्याकडेही कमी झाला नाही, एवढी गंमत मात्र त्यात क्वचितच.)

‘सरकार’ म्हणजे एकच सेन्सॉर, हा समजही सोडा. ‘सोवकिनो’ या सरकारी चित्रपटसंस्थेने १९२७ च्या सुरुवातीला त्याला कामावरून काढलं, कारण खर्च हाताबाहेर गेला होता आणि आधी पटकथा लिहून द्यायला तो तयार नव्हता. युक्रेनच्या ‘वुफकू’ने, म्हणजे दुसऱ्या सरकारी संस्थेनेच, त्याला घेतलं, १९२९ चा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ तिथला. क्रांतीवर त्याची श्रद्धा होतीच, भांडण होतं ते काम कसं करायचं यावरून. समाजवादी वास्तववाद, म्हणजे कलेने समाजवादाचं सोपं, आशादायी चित्र रंगवावं हा दंडक, १९३४ मध्ये अधिकृत झाल्यावर मात्र दोर आवळला गेला.

‘त्याची शैली’ हे शब्दही जपून वापरा. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’च घ्या. कॅमेरा भावाचा, मिखाईल कॉफमनचा. संकलन पत्नीचं, येलिझावेता स्विलोवाचं. धावता घोडा पडद्यावर थबकतो आणि पाठोपाठ टेबलाशी बसून फिल्मच्या पट्ट्या निवडणारी स्विलोवाच दिसते.

आणि चित्रपटाची कोणती आवृत्ती बघताय, ते तपासा. ‘थ्री साँग्ज अबाउट लेनिन’मध्ये स्टॅलिन नाही म्हणून व्हेर्तोवच्या धाडसाचं कौतुक करायला जाल, तर फसाल. १९३४ च्या चित्रपटात स्टॅलिन होता, १९३८ च्या फेरसंकलनात तो वाढला. त्याला वगळलं १९७० च्या आवृत्तीत. तोवर व्हेर्तोवला जाऊन १६ वर्षं झाली होती, आणि त्या कामात स्विलोवाही होती.