कालव्यावरील बोटीवर अक्षरे कशी रंगवावीत: इंग्लंडच्या नॅरोबोटींवरील पारंपरिक व आधुनिक साइनरायटिंग

इंग्लंडच्या मध्यभागातील कालव्यांवर चालणारी नॅरोबोट साधारण ७ फूट रुंद आणि जास्तीत जास्त ७० फुटांच्या आसपास लांब असते, कारण अठराव्या शतकात बांधलेली तिथली लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारी दारांची कुंडे, त्याच मापाची आहेत. या कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे आणि काठच्या पायवाटेवरून चालणारा माणूस बोटीपासून काही फुटांवरच असतो. त्यामुळे बोटीवरचे अक्षर सावकाश आणि जवळून वाचले जाते. हमरस्त्यावरच्या फलकावर जो बारकावा वाया गेला असता तो येथे नजरेत भरतो, आणि दोन अक्षरांमधले चुकलेले अंतर किंवा थरथरलेली कडही तितकीच नजरेत भरते. म्हणून या कामात ब्रश हाती घेण्याआधीच्या तयारीला आणि आखणीला प्रत्यक्ष रंगवण्यापेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो. ज्याला ही घाई आवरता येत नाही, त्याने या व्यवसायात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

परंपरेची ओळख करून घ्यावी

मालवाहू बोटीवरची अक्षरे शोभेसाठी जन्मली नाहीत. रेल्वेच्या स्पर्धेमुळे भाडी घसरली तेव्हा अनेक नावाडी काठावरचे घर सोडून कुटुंबासह बोटीच्या मागच्या छोट्या केबिनमध्ये राहू लागले, आणि त्यांच्या राहणीवर देखरेख ठेवण्यासाठी १८७७ व १८८४ मध्ये कालव्यावरील बोटींचे कायदे झाले. त्यानुसार राहती बोट नोंदवावी लागे आणि नोंदणीचे गाव व क्रमांक बोटीवर ठळक रंगवावा लागे. मालकाचे किंवा कंपनीचे नाव, तिचे गाव आणि ताफ्यातला क्रमांक त्याच्या जोडीला येत. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीच्या बोटी आधी काळ्या-पांढऱ्या होत्या व १९२० च्या दशकात लाल, हिरव्या आणि पिवळ्या रंगांत आल्या. १९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर सरकारी ताफ्याला निळा व पिवळा रंग मिळाला. स्वतःच्या मालकीची बोट चालवणाऱ्या नावाड्यांना ‘नंबर वन’ म्हणत, आणि त्यांच्या बोटींवरची सजावट अनेकदा कंपन्यांच्या बोटींहून अधिक मनापासून केलेली असे.

ऑक्सफर्ड कालवा आणि ग्रँड युनियन कालवा जिथे मिळतात त्या ब्राउन्स्टन गावी बार्लो कंपनीच्या आवारात काम करणारे फ्रँक नर्सर हे या कलेतले फार मानले गेलेले नाव. बोटींवरची गुलाब आणि किल्ल्यांची चित्रेही अक्षरे रंगवणारी हीच माणसे काढत, पण ते कौशल्य वेगळे आहे व त्याचा विचार येथे केलेला नाही. जुन्या मालवाहू बोटीचे काम अंगावर घेतले असेल तर रंगसंगती अंदाजाने ठरवू नये. एल्समिअर पोर्ट येथील राष्ट्रीय जलमार्ग संग्रहालयाच्या अभिलेखागारात जुनी छायाचित्रे आहेत, आणि त्याच बोटीचे किंवा तिच्या ताफ्यातील दुसऱ्या बोटीचे छायाचित्र पाहूनच आखणी करावी.

पहिली पायरी: मजकूर व मापे ठरवावीत

बोट प्रत्यक्ष पाहावी आणि केबिनच्या दोन्ही बाजूंचे समोरून सरळ छायाचित्र घ्यावे. खिडक्या, हवेची छिद्रे आणि पॅनेलच्या कडेने ओढलेली रंगीत रेघ यांची मापे नोंदवून १ः१० प्रमाणात आराखडा काढावा. आजच्या सहलीच्या बोटीवरही नाव, गाव आणि हवे असल्यास नोंदणीची पारंपरिक ओळ घालतात. बोटीच्या परवान्याचा क्रमांक मात्र दिसेल असा ठेवावाच लागतो. इंग्लंड व वेल्समध्ये ही व्यवस्था २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे. आराखड्यावरचे स्पेलिंग मालकाकडून लेखी मंजूर करून घ्यावे. ही अट संकोचाने नव्हे, ठामपणे घालावी.

दुसरी पायरी: पृष्ठभाग तयार करावा

केबिनची बाजू आज बहुधा पोलादी पत्र्याची आणि चकचकीत इनॅमलने रंगवलेली असते. त्यावर मेण किंवा सिलिकॉनयुक्त पॉलिश असेल तर अक्षराचा रंग आक्रसून थेंबाथेंबांत मागे सरकतो. त्यासाठी साबणाच्या पाण्याने धुऊन, ग्रीस काढणाऱ्या द्रावकाने पुसून, जिथे अक्षरे येणार तेवढाच भाग बारीक घासणीने अलगद खरवडावा. पत्रा नुकताच रंगवला असेल तर रंग पूर्ण कडक होईपर्यंत काही आठवडे थांबलेले बरे.

हवामानाचा विचार येथेच करावा. पाण्यालगत सकाळी दव उशिरापर्यंत टिकते, आणि संध्याकाळी पडणाऱ्या दवाने ओल्या इनॅमलची चमक मरते. दुसरीकडे, दक्षिणेकडे तोंड असलेला पत्रा उन्हात इतका तापतो की रंग ब्रशखाली ओढला जातो. छताखालची गोदी मिळाली तर उत्तमच, नाहीतर दव सुकल्यापासून दुपार उलटेपर्यंतची वेळ धरावी आणि शक्यतो सावलीतली बाजू निवडावी.

काठावरून एका वेळी एकच बाजू रंगवता येते, हेही नियोजनात धरावे लागते. बोट कालव्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी लांब असल्याने ती हवी तिथे वळत नाही. त्यासाठी कालव्याला मुद्दाम रुंद केलेल्या जागा असतात आणि त्यांना ‘वाइंडिंग होल’ म्हणतात. सर्वांत जवळची अशी जागा किती दूर आहे हे मालकाला आधीच विचारून घ्यावे.

तिसरी पायरी: आखणी करावी

नवशिक्या माणूस येथे पाणसळ काढतो आणि फसतो. तरंगती बोट एका बाजूला किंचित कललेली असते, कोणी आत चालले तरी ती हलते, आणि टाकीतले पाणी कमी झाले की तिची बैठकही बदलते. शिवाय केबिनची बाजू उभी नसून वरच्या दिशेने आत झुकलेली असते, आणि पुढच्या टोकाकडे बोटीची रेषा हळूहळू वर चढते. अशा वेळी पाण्याची पातळी किंवा क्षितिज यांवर विसंबू नये. केबिनच्या छताची कड, तिच्यालगतचा हाताचा कठडा आणि खालची काठपट्टी यांपासून मापे घेऊन त्यांना समांतर अशा रेषा खडूच्या दोरीने पाडाव्यात. अक्षरांची ओळ जगाशी नव्हे तर बोटीशी जुळली पाहिजे.

आता अंतरे. फूटपट्टीने सारखी मोजलेली अंतरे डोळ्याला कधीच सारखी दिसत नाहीत. ‘एच’ आणि ‘एन’ यांसारखी सरळ कडेची अक्षरे शेजारी आली तर त्यांच्यात सर्वांत जास्त जागा सोडावी, ‘ओ’सारख्या गोल अक्षराजवळ कमी, आणि ‘ए’च्या शेजारी ‘व्ही’ आल्यास जवळजवळ एकमेकांत शिरेल इतकी कमी. ‘ओ’, ‘सी’, ‘एस’ ही गोल अक्षरे वरच्या व खालच्या रेषेच्या किंचित बाहेर काढावीत, नाहीतर ती शेजारच्या अक्षरांपेक्षा लहान दिसतात. आखणी झाली की कालव्याच्या पलीकडे जाऊन, निदान पुलावर उभे राहून पाहावे. बोटीला नाक लावून अंतराची चूक कळत नाही.

मजकूर दोन्ही बाजूंना सारखाच यायचा असेल तर कागदावर पूर्ण मापात अक्षरे काढून सुईच्या दातेरी चाकाने त्यांच्या कडा टोचाव्यात. कागद पॅनेलवर चिकटपट्टीने बसवून खडूच्या किंवा कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटली की भोकांतून ठिपके उमटतात. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी भोके पाडलेला कागद वापरणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गडद रंगावर खडू आणि फिक्या रंगावर कोळसा घ्यावा.

चौथी पायरी: अक्षरे रंगवावीत

ब्रश लांब केसांचा आणि छिन्नीसारख्या सपाट टोकाचा हवा. सेबलच्या केसांचे ब्रश पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आता कृत्रिम केसांचेही चांगले मिळतात. रंग खास अक्षरांसाठी बनवलेले इनॅमल घ्यावे. अमेरिकेतील ‘वन शॉट’ आणि इंग्लंडमधील ‘क्राफ्टमास्टर’ ही त्यांतली परिचित नावे. रंग छोट्या वाटीत काढून, व्हाइट स्पिरिटच्या काही थेंबांनी पातळ करून ब्रश पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंनी फिरवावा, म्हणजे त्याचे टोक धारदार होते आणि जादा रंगही निघून जातो.

टोकाला चामड्याचा गोळा बांधलेली काठी, म्हणजे मॉलस्टिक, डाव्या हाताने पॅनेलवर टेकवून तिच्यावर उजवे मनगट ठेवावे. आपल्याकडे दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या फळ्या रंगवणाऱ्या पेंटरांच्या हातातही अशीच काठी दिसत असे. हलत्या बोटीवर तिचे महत्त्व दुप्पट आहे, कारण काठी बोटीला टेकलेली असल्याने हात बोटीबरोबरच हलतो. उभी रेघ वरून खाली, एका दमात आणि कड पाहत ओढावी. वळणावर मनगट वळवण्यापेक्षा ब्रशचा दांडा अंगठा व तर्जनी यांच्यात फिरवावा. आधी अक्षराची कड व मग आतला भराव, असा क्रम ठेवावा. चूक झाली तर लगेच, व्हाइट स्पिरिटमध्ये किंचित ओलावलेल्या कापडाने ती पुसता येते, म्हणून असे कापड सतत हाताशी असावे.

पिवळा आणि लाल यांसारखे रंग एका हातात झाकत नाहीत. त्यांना दुसरा हात द्यावा लागतो आणि मध्ये रात्र जाऊ द्यावी लागते. जुन्या धाटणीच्या अक्षरांना शुभ्र पांढऱ्यापेक्षा फिका मलई रंग अधिक शोभतो.

पाचवी पायरी: छाया द्यावी

अक्षर वाळल्यावर त्याला छाया देतात, आणि तीच या बोटींच्या अक्षरांना जाडी व वजन देते. छाया डावीकडे आणि खाली, साधारण ४५ अंशांत द्यावी. ‘बी’, ‘डी’, ‘ई’, ‘एल’ अशा कितीतरी रोमन अक्षरांचा उभा दंड डावीकडेच असतो, त्यामुळे छायेच्या रेघा सरळ येतात आणि काम वाचते. अक्षर आणि छाया यांच्यात पार्श्वभूमीची बारीक रेघ मोकळी सोडली तर दोन ओले-सुके रंग एकमेकांत मिसळत नाहीत आणि अक्षर उठून दिसते. बोटीच्या दोन्ही बाजूंना छाया वाचणाऱ्याच्या डावीकडेच ठेवावी, मग ती एका बाजूला पुढच्या टोकाकडे आणि दुसऱ्या बाजूला मागे पडली तरी चालेल.

सोन्याचा वर्ख लावायचा असल्यास २३½ कॅरटचा घ्यावा. ‘गोल्ड साइज’ नावाचे चिकट वार्निश अक्षराच्या आकारात लावून, ते जवळजवळ वाळले की वर्ख टेकवतात. ताज्या रंगावर वर्ख नको तिथे चिकटू नये म्हणून आधी टाल्क पावडर फिरवून झटकावी. हे काम वाऱ्यात करू नये.

व्हिनाइल आणि संगणक

व्हिनाइलच्या, म्हणजे मागे गोंद असलेल्या पातळ प्लास्टिकच्या पट्टीतून यंत्राने कापलेली अक्षरे साबणाच्या पाण्यावर बसवून, रबरी पट्टीने पाणी काढून तासाभरात लावता येतात आणि खर्चही कमी येतो. परवान्याच्या क्रमांकासाठी ती अगदी योग्य आहेत. पण केबिनवरच्या मोठ्या नावासाठी माझा कौल रंगालाच आहे. व्हिनाइलची कड काही वर्षांनी उचलली जाते, एका अक्षराला लॉकच्या भिंतीचा ओरखडा बसला तर ते अक्षर बदलावे लागते, आणि जुने काढल्यावर उन्हाने न विटलेल्या रंगात त्याची आकृती मागे राहते. रंगवलेले अक्षर मात्र तेवढ्याच जागी दुरुस्त करता येते. संगणकाचा खरा उपयोग आखणीत आहे: आराखड्याचे पर्याय मालकाला दाखवणे, पूर्ण मापाचा कागद छापून तो टोचणे, किंवा प्लॉटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणीयंत्रावर, कापलेला मुखवटा (अक्षराच्या जागी मोकळी ठेवलेली चिकट पट्टी) चिकटवून त्यात रंग भरणे. मुखवट्याने आलेली कड मात्र ब्रशच्या कडेइतकी जिवंत नसते, आणि तो काढताना रंग किती ओला आहे यावर सारे अवलंबून राहते.

व्यवसाय म्हणून

दर अक्षरामागे न लावता दिवसामागे लावावा, कारण ‘आय’ आणि ‘एस’ यांना सारखा वेळ लागत नाही आणि छायेचा वेळ तर अक्षरांच्या संख्येत दिसतच नाही. प्रवास, पावसाने वाया जाणारा दिवस आणि बोट वळवण्याचा वेळ अंदाजपत्रकात स्पष्ट लिहावा, आगाऊ रक्कम घ्यावी, आणि इतरांच्या मालमत्तेचे नुकसान भरून देणारा विमा काढूनच काठावर उभे राहावे. हंगाम वसंत ते शरद एवढाच असल्याने हिवाळ्यासाठी छताखालच्या गोदीशी संबंध जोडून ठेवावेत.

दिवसाअखेर ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये धुऊन, न वाळणाऱ्या तेलात बुडवून, केस सपाट करून आडवे ठेवावेत. काम सोपवताना टोचलेला कागद, वापरलेल्या रंगांची नावे व तारीख आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे मालकाच्या हाती द्यावीत, म्हणजे पुढे पत्रा बदलावा लागला किंवा धडकेत अर्धे नाव खरवडले गेले तरी दुसरा साइनरायटर तीच अक्षरे त्याच जागी पुन्हा उतरवू शकेल.