नोकरी सांभाळून पब्लिक पॉलिसीचं मास्टर्स: या चुका टाळा

नोकरी करता करता पब्लिक पॉलिसी (सार्वजनिक धोरण) शिकताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पदवी आणि सर्टिफिकेट यांत गल्लत करणं. जाहिरातीत 'पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्रॅम' असे शब्द असतात आणि वाचणारा ते मनातल्या मनात 'एम.ए.' असे वाचतो. बंगळुरूच्या तक्षशिला इन्स्टिट्यूशनचा 48 आठवड्यांचा कार्यक्रम नोकरदारांसाठीच आखलेला आहे. दिल्लीच्या इंडियन स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसीचा कार्यक्रम एक वर्षाचा आणि पूर्णवेळ आहे. या क्षेत्रात दोन्ही नावं ओळखीची आहेत, पण हातात पडते ती विद्यापीठाची पदवी नव्हे. संशोधन संस्था, सल्लागार कंपनी किंवा सीएसआरमध्ये (कंपन्यांच्या समाजकार्यात) काम करायचं असेल तर त्याने फारसं अडत नाही. नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), पीएच.डी. किंवा पदव्युत्तर पदवीची अट असलेली सरकारी जागा डोक्यात असेल तर मात्र अडतं, आणि ते फी भरून झाल्यावर कळतं.

एक साधी खूण सांगतो. फीच्या आकड्यापुढे 'अधिक 18 टक्के जीएसटी' असं लिहिलं असेल तर कान टवकारा. कायद्याने मान्यता असलेल्या पदवीच्या शिक्षणाला सहसा जीएसटी लागत नाही. हा काही पक्का पुरावा नव्हे, पण 'शेवटी पदवी कोणतं विद्यापीठ देणार?' हे ईमेलवर लेखी विचारायला एवढं निमित्त पुरे. फोनवरचा समुपदेशक काय म्हणाला, त्याला शून्य किंमत.

ऑनलाइन पदवीबद्दलची भीती मात्र जुनी झाली. मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त ते विद्यापीठ, तो विषय आणि ते वर्ष यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. प्रवेशासाठी डेब आयडी, म्हणजे याच ब्युरोचा विद्यार्थी क्रमांकही लागतो. तो कुणी मागितलाच नाही तर आधी कारण विचारा. एखाद्या एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपनीमार्फत परदेशी विद्यापीठाची पदवी मिळणार असेल तर दुप्पट सावध राहा. अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा यूजीसीने डिसेंबर 2023 मध्येच दिला होता.

'फक्त शनिवार-रविवार' यावर विसंबणं

राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40 क्रेडिट म्हणजे 1200 तास धरले आहेत (क्रेडिट हे अभ्यासाच्या वेळेचं माप). वर्ग, वाचन, असाइनमेंट, परीक्षा, सगळं त्यात आलं. दोन वर्षांचे झाले 2400 तास, म्हणजे सुट्ट्या न धरता आठवड्याला साधारण 23. शनिवार-रविवार मिळून आठ तास वर्ग झाले तरी पंधरा उरतात. डोंबिवलीहून अंधेरीला रोज जाऊन-येऊन ते कुठून काढणार? कागदावर आठवडा मांडा. त्यात मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा आणि गणपतीही धरा.

माहितीपत्रकापेक्षा मागच्या सत्राचं वेळापत्रक मागा. संध्याकाळी सातचा वर्ग आठवड्यातून तीनदा आहे का, रेकॉर्डिंग पाहिलं तर हजेरी लागते का, परीक्षेला केंद्रावर जावं लागतं का, हे त्यातूनच कळेल. आयआयटी मुंबई किंवा बंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल इथली पब्लिक पॉलिसीची पदवी दोन वर्षांची, पूर्णवेळ आहे. नोकरी चालू ठेवून तिथे 'कसंतरी जमवू' म्हणणाऱ्यांचं जमत नाही.

आकडेमोड टाळता येईल असा कोर्स शोधणं

'मला गणित जमत नाही म्हणून पॉलिसी' असं म्हणणारे बरेच भेटतात. मग ज्यात संख्याशास्त्र आणि सूक्ष्म अर्थशास्त्र जवळपास नाही, असा अभ्यासक्रम निवडला जातो. बहुतेक वेळा तो लोकप्रशासनाचा असतो. तोही चांगला विषय आहे, पण वेगळा.

आकडे का लागतात ते बघा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत मिळते. त्यामुळे किती महिला नव्याने प्रवास करू लागल्या? 2022 आणि 2023 ची प्रवासीसंख्या शेजारी ठेवून उत्तर काढलं की फसलात. एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालू होता, म्हणजे तुलनेचं वर्षच आजारी. त्यात ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास सुरू झाला, तेव्हा वयस्कर बायकांची वाढ कोणत्या योजनेच्या खात्यात टाकायची? ही गुंतागुंत सोडवायला शिकवणारे किमान दोन पेपर अभ्यासक्रमात नसतील तर तो सोडून द्या. चर्चा काय, आपण चहाच्या टपरीवरही करतो.

परदेशाचं थोडक्यात सांगतो. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्णवेळ मास्टर्सलाच मिळते, अर्धवेळ किंवा ऑनलाइनला नाही. भारतात बसून ब्रिटिश विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेतली तर तिच्या जोरावर तिथला ग्रॅज्युएट व्हिसाही (शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी) मिळत नाही.

आधीच अडकला असाल तर

दुसऱ्या सत्रात दमछाक झाली म्हणून सगळं गुंडाळू नका. यूजीसीच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षानंतर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. तुमच्या विद्यापीठाने ती लागू केली आहे का आणि क्रेडिट तुमच्या अकॅडमिक बँकेत (क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात) जमा होताहेत का, ते पाहा. वरिष्ठांना सांगायचं राहिलं असेल तर आता सांगा. सरकारी नोकरीत असाल तर परवानगी लेखीच हवी. अध्ययन रजा मिळते का, हेही महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये बघून ठेवा. शेवटच्या प्रकल्पासाठी स्वतःच्याच खात्याचा विषय घेतला तर वाचनाचा भार बराच हलका होतो. पण ऑफिसची आकडेवारी वापरायची तर तिचीही आधी लेखी परवानगी घ्या, नाहीतर सादरीकरणाच्या आठवड्यात विषय बदलावा लागतो.