लिनक्सवर चित्रं, गेम आणि अलका चौकातल्या आजी

नारायण पेठेत बसून मी लग्नपत्रिका आणि गणेश मंडळांचे अहवाल डिझाइन करते. रात्री जेवणं उरकली की गेम बनवते. दोन वर्षांपासून एकच: एका आजींना अलका टॉकीजच्या चौकात रस्ता ओलांडायचा आहे. तिथली वाहनांची गर्दी पुणेकरांना सांगायला नको.

विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि माझा जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसेना. तपकीर गल्लीतून एक एसएसडी (वेगवान डिस्क) आणली, तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत, म्हणजे त्या खाचेत बसणाऱ्या चौकटीत, जुनी डिस्क बसवली, विंडोजसकट.

आणि लगेच चुकले. सिस्टिम बदलली त्याच रात्री सगळी सॉफ्टवेअरंही बदलली, तेही अहवाल छपाईला जायच्या आठवड्यात. साधा लेयर लॉक करायला दहा मिनिटं शोधाशोध. तुम्ही उलटं करा. चित्रं रंगवायला क्रिटा, रेषांच्या डिझाइनला इंकस्केप, थ्रीडीला ब्लेंडर, गेमला गोडॉट, हे सगळं विंडोजवरही फुकट चालतं. दोन-तीन महिने तिथेच हात बसवा. मग लिनक्स म्हणजे फक्त खालची सतरंजी बदलल्यासारखं वाटतं.

डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून बघा. वायफाय, आवाज, आणि चित्रकार असाल तर पेन टॅब्लेट. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या त्या मिंटमध्येच क्रिटा टाकून एक रेघ ओढायची. दाबाप्रमाणे जाड-बारीक झाली तर निम्मी काळजी मिटली. माझी रेघ झाली.

छपाईचं काम मात्र मी पूर्ण हलवलेलं नाही, आणि त्याची लाज वाटत नाही. प्रेसला सीएमवायके पीडीएफ लागते, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली. क्रिटात सीएमवायके आहे, पानं मांडायच्या स्क्रायबसमधून तशी पीडीएफ निघते, पण इंकस्केपचा कारभार आरजीबीचा, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा. शिवाय गिऱ्हाईक पंधरा वर्षांपूर्वीची कोरलड्रॉची (विंडोजवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरची) फाइल घेऊन येतं, तीही युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टमधली. "ताई, फक्त नावं बदलायचीत." अशा वेळी कॅडीतलं विंडोज सुरू करते. अपडेट थांबलेत, म्हणून त्याला इंटरनेट देत नाही.

गेमचं म्हणाल तर मराठी माणसाने गोडॉट ३ चे जुने धडे बघून सुरुवात करू नये. त्यात जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची. २०२३ साली आलेल्या गोडॉट ४ पासून देवनागरी नीट जुळते. तरी फॉन्ट प्रोजेक्टमध्ये स्वतः घाला. तुमच्या मशीनवर सिस्टिमचा फॉन्ट उचलला जातो, म्हणून सगळं छान दिसतं. तोच गेम ब्राउझरसाठी काढला की अक्षरांच्या जागी चौकोन. मी मुक्ता वापरते, परवाना खुला आहे. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. डिझायनरची खोड, सोडून द्या.

दुसरी ठेच फाइलींच्या नावांची. आजींच्या चित्राच्या फाइलचं नाव कॅपिटल ए ने सुरू होत होतं, कोडमध्ये मी स्मॉल लिहिलं होतं. विंडोजवर वर्षभर चाललं. लिनक्सवर आजी गायब, चौकात नुसती वाहनं. लिनक्सला ही दोन वेगळी नावं वाटतात. दोन संध्याकाळी गेल्या. आता सगळी नावं स्मॉल, मध्ये अंडरस्कोर, स्पेस नाही.

विंडोजवाल्यांसाठीचा गेम लिनक्सवरूनच काढता येतो. गोडॉटमध्ये एक्स्पोर्ट टेम्प्लेट (प्रत्येक सिस्टिमसाठी गेम बांधायचे तयार साचे) एकदा उतरवून घ्यायचे, मग त्याच प्रोजेक्टमधून विंडोजची फाइल तयार होते. परवा तशी भाच्याला पाठवली. पाच मिनिटांत फोन: "मावशी, सगळं चालतंय, पण तुझ्या आजींना मध्येच थांबायचं बटणच नाहीये. त्या बसखाली जातायत."

सध्या ते बटण बनवतेय.